लेबल नसलेली तुपाची बाटली

"भाऊजी, तेवढा शाम्पू तुमच्या पिशवीत घ्या ना. आमची झिप लागतच नाहीये," वहिनी म्हणाल्या.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सामानाची तपासणी गेटपाशी होते. गेटबाहेरच्या गालिच्यावर वहिनी गुडघे टेकून बसल्या होत्या. हातसामानातल्या पातळ वस्तू छोट्या बाटल्यांत भरायच्या आणि एका पारदर्शक पिशवीत ठेवायच्या. माणशी एकच पिशवी, तिची झिप लागलीच पाहिजे. दादांची पिशवी आधीच भरलेली. वहिनींची फुगून आलेली.

मी शाम्पू घेतला. मग हॅण्डवॉश. फेसवॉश. टूथपेस्ट. प्रत्येकावर माझ्या अक्षरातलं लेबल होतं.

मी जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. तिथे लेबल नसलेल्या बाटलीला कुणी हात लावत नाही. ती सवय घरीही लागली. आदल्या संध्याकाळी दादांच्या बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटवर जाऊन मीच सगळ्या बाटल्या भरून दिल्या होत्या. वहिनींच्या भावाची बँकॉकला वास्तुशांत होती. तिकिटं फक्त हातसामानाची, म्हणून पूजेचं तूप आणि मधही बाटल्यांतूनच न्यायचा होता. आम्हालाही बोलावणं होतं. बायकोने लेकीला नवा फ्रॉक घेतला होता.

ते काम मी मागून घेतलं होतं. दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत, इथे आल्यावर मानलेले; त्यांच्यासाठी काही करायला मिळालं की मला बरं वाटायचं. तालुक्याच्या शाळेत शिकलेला मी, घरातला पहिला पदवीधर. नऊ वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा नोकरीसाठी दादांनी शब्द टाकला. मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवलं. पहिले दोन महिने मी त्यांच्याच घरी राहिलो. हे मी विसरलेलो नाही. आजही नाही.

पण त्या नऊ वर्षांत मी एक गोष्ट सांगितली नव्हती. माझ्या आडनावावरून पटकन काही कळत नाही. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण इथे ती कुणाच्याही घरी असते. कुणी विचारलं नाही. मी बोललो नाही.

त्या संध्याकाळी शेवटच्या बाटलीला लेबल लावत होतो, तेव्हा वहिनींनी सहज विचारलं, "तुमच्याकडे वास्तुशांतीला काय काय करतात हो?"

"आमच्याकडे वास्तुशांत नसते, वहिनी. आम्ही बौद्ध. बुद्धवंदना घेतो."

"अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या. चहा आला. मी चहा प्यालो. मनात म्हटलं, एवढंच होतं तर. नऊ वर्षं उगाच घाबरलो. एमआरटी ट्रेनमधून घरी येताना मला फार हलकं वाटत होतं.

आता गालिच्यावर वहिनींची पिशवी उघडी होती. माझी लेबलं लावलेलं सगळं माझ्याकडे आलं होतं. त्यांच्याकडे दोन बाटल्या उरल्या होत्या. नव्या, जाड बुडाच्या. एकीत तूप, एकीत मध. लेबल नाही.

"वहिनी, मी भरलेलं तूप कुठाय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "अहो, ते पूजेचं ना, म्हणून ते टाकून दुसरं भरलं. मनाला लावून घेऊ नका हं. आम्ही तसलं काही मानत नाही. माझ्या आईला चालत नाही, एवढंच."

दादा मोबाइल बघत होते.

मला आमची शाळा आठवली. आईला तिथे खिचडी शिजवायला नेमलं होतं. दोन दिवस तिने शिजवली. तिसऱ्या दिवशी निम्म्या पोरांनी ताटं पालथी घातली. घरून सांगून पाठवलं होतं त्यांना. पातेलंभर खिचडी तशीच राहिली. मी ताट सुलटं ठेवून बसलो होतो आणि आई माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकाला दुसरी बाई आली. आईला भांडी घासायला ठेवलं. भांडी घासलेली चालत होती.

शाम्पू चालत होता.

माझी लेक आठ वर्षांची आहे. ती सगळं ऐकत उभी होती. तिने माझा शर्ट ओढला. "पप्पा, अवर बॅग डर्टी, इज इट?"

मी पिशवी उघडली. शाम्पू काढून दादांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग हॅण्डवॉश. फेसवॉश आणि टूथपेस्ट बायकोने काढून ठेवली.

"अरे, काय करतोयस?" दादा म्हणाले. "एवढ्याशा गोष्टीवरून तमाशा? तुझ्यासाठी मी काय कमी केलं?"

"काहीच कमी केलं नाहीत, दादा. म्हणून तुम्हालाच विचारतो. काल मी भरलेलं तूप वहिनींनी टाकून दिलं, तेव्हा तुम्ही घरात होतात?"

दादांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"भाऊजी, आता हे मी कुठे ठेवू?" वहिनी म्हणाल्या.

"कुठेही ठेवा. माझ्या पिशवीत नाही."

त्यांनी लेबलवाल्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तूप आणि मध ठेवून झिप लावली. लागली.

विमानात मी लेकीला आजीची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. तिने विचारलं, "मग ती खिचडी कोणी खाल्ली?" मी म्हटलं, मी खाल्ली. आई आणि मी, घरी आणून, दोन दिवस. ती खिडकीकडे वळली. तिचा नवा फ्रॉक बॅगेतच राहिला. बँकॉकला उतरल्यावर त्यांची टॅक्सी वेगळी गेली, आमची वेगळी. वास्तुशांतीला आम्ही गेलो नाही.

आईला हे कळवलेलं नाही. तिला वाटतं, मी त्या शाळेपासून फार लांब आलोय.

दादांचे उपकार मला मान्य आहेत. विचारलं तर चारचौघांत सांगेन. पण ज्या घरात माझ्या हातचं तूप टाकून देतात, त्या घराची एक बाटलीही मी यापुढे वाहणार नाही. आणि मी कोण, हे आता कुणी विचारायची वाट पाहणार नाही. आधी ते सांगेन. मग चहा घेईन.