रस्सा मंडळाची प्रवाळबेटं

प्रवाळबेटं माझी होती. रस्सा मंडळाची नव्हे, आणि आमच्या ह्यांची तर मुळीच नव्हे. मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. लक्षद्वीपचा धडा आला की फळ्यावर बेट काढायचे, भोवती प्रवाळाचं कडं आणि मधे उथळ, निळं पाणी. शाळेतल्या एका बाईंचा भाऊ तिकडं जाणाऱ्या बोटीवर नोकरीला होता. परवाना कसा मिळतो, बोट कुठून सुटते, तिथं काय चालतं आणि काय चालत नाही, सगळं मी त्या बाईंकडून खोदखोदून काढून घेतलं होतं. एके दिवशी जेवताना ह्यांना म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं जाऊया की." हे म्हणाले, "बघू."

रविवारी हे रस्सा मंडळात गेले. ज्या बाईच्या नवऱ्याला मंडळ नाही अशी बाई कोल्हापुरात शोधावी लागेल. पाच-सात मित्रांनी कुणाच्या तरी मळ्यावर जमायचं, मटण शिजवायचं आणि रस्सा उकळेपर्यंत पेले भरायचे. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस तिथं बसून ढीगभर कांदा चिरतो. त्या रविवारी ह्यांनी माझी बेटं रश्श्याबरोबर सगळ्यांना वाढून टाकली.

पुढच्या रविवारी अख्खं मंडळ राजारामपुरीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत नकाशा पसरून बसलं. नकाशासुद्धा माझ्या शाळेचा! चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात जाडा गडी म्हणाला, "वहिनी, तुमच्या मालकांनी काय झ्याक जागा हुडकलीया! आमी गडीच जातोय बघा. बायकास्नी बोटीत वकाऱ्या हुत्यात." सगळे हसले. हेही हसले. बाकीच्यांचं मी सोडून दिलं असतं.

स्वयंपाकघरात जाऊन मी कपबशा विसळल्या आणि ठरवलं, ह्यांची जिरवायची.

मग मी इतकी गोड झाले की सांगायची सोय नाही. परवान्यासाठी कुठं अर्ज करायचा ते सांगितलं. मंडळासाठी कांदा-लसूण चटणी करून दिली. बाटल्या चिवड्याच्या डब्यातून दडवून न्यायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरचा मोठा डबाही मीच काढून, घासून दिला. तिथं काय चालत नाही, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं कदाचित. छे, नसतंच सांगितलं.

रजा मंजूर झाल्या, मिरजेहून पुढची तिकिटं हातात आली, गल्लीभर बोभाटा झाला. शेवटच्या बैठकीला मी चहाचा ट्रे ठेवला आणि सहज बोलल्यासारखं बोलले, "त्या डब्याचं तेवढं बघा हं. तिथं दारूबंदी हाय. बोटीवर चढताना सामान तपासत्यात."

कुणी कपाला हात लावेना.

"म्हंजे? अजिबात न्हाई?" जाड्यानं विचारलं.

"थेंबभर न्हाई."

"मग रस्सा घशाखाली उतरायचा कसा, वहिनी?"

चहा गार व्हायच्या आत एकाच्या उसाला पाणी द्यायचं निघालं, दुसऱ्याच्या मेहुण्याचं लग्न जमलं, आणि डॉक्टरांनी खारं वारं वर्ज्य केलंय हे जाड्याला आठवलं. एकेक जण चपला शोधत जिना उतरला. मी दारात उभी राहून प्रत्येकाला "सावकाश जावा" म्हणत होते.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. "तुला आदीच म्हाईत हुतं?" ह्यांनी विचारलं.

"व्हय. भूगोलाची बाई हाय की मी."

हे नकाशाची गुंडाळी करत म्हणाले, "चल मग. आपण दोघंच जाऊ."

हेच ऐकायला मी आसुसले होते. जेवताना त्या दिवशी एवढं म्हणाले असते, तर मी त्याच पावली बॅग भरायला घेतली असती. आता मात्र दुसऱ्या कुणी खाल्लं नाही म्हणून ते माझ्या ताटात आलं होतं.

"मला न्हाई यायचं," मी म्हणाले.

बेटं मी आजतागायत पाहिलेली नाहीत. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला, तो मात्र मी पोटभर पाहिला.