पाव सेकंदाची तफावत

श्रीरामपुरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कानिफनाथांनी बावन्नाव्या वर्षी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे घरूनच रेडिओवर दुसऱ्यांशी बोलण्याचा, परवाना काढला. घराच्या गच्चीवरच्या जुन्या टीव्हीच्या डिशमधून त्यांचा आवाज छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला लागून परत यायचा. संध्याकाळी रेडिओवर श्रीगोंद्याचे आप्पासाहेब भेटायचे. ते निवृत्त वायरमन. चार वर्षांची दोस्ती, पण ती फक्त आवाजाची.

एकदा दोघांनी ठरवलं, आपापल्या भिंतीवरची घड्याळं सेकंदाच्या ठोक्याला ठोका मिळवायची. मोबाईलवर बघायचं न्हाई, कानानंच लावायची. आप्पासाहेबांनी आपलं घड्याळ माईकपाशी धरलं. कानिफनाथांनी आपल्या घड्याळाचा सेल काढला, घातला, परत काढला. पंधराव्या खेपेला ठोके जुळले. मग त्यांनी आपलं घड्याळ ऐकवलं.

"कानिफराव, कुठं जुळलंय? तुमचा ठोका माज्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडतोय."

"मी तुमचं ऐकूनच लावलंय की!"

"मग कान तपासा."

कानिफनाथांना ते लागलं. तीस वर्षं घड्याळं ऐकलेला माणूस! दोन दिवस ते रेडिओपाशी बसलेच नाहीत. त्यांची बायको गोजरबाई म्हणाली, "एवढं काय लावून घ्यायचं?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी माईकवर बोटानं टक केलं. हेडफोनमध्ये ते टक उपग्रहाला लागून जरा उशिरा आलं. मोजलं, तर पाव सेकंद! म्हणजे आप्पासाहेबांचा ठोकाही कानावर पाव सेकंद उशिराच येत होता. त्यावर लावलेलं घड्याळ तेवढंच मागं पडलेलं. त्याचा ठोका श्रीगोंद्याला पोचताना आणखी पाव. झाला अर्धा, दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध.

त्यांनी लगेच आप्पासाहेबांना हाक घातली. आपलं घड्याळ पाव सेकंद पुढं घेतलं.

"आता काय ऐकू येतंय?"

"तुमचा ठोका माज्यामागून येतोय. थोडाच."

"मलाबी तुमचा तसाच येतोय. दोघांना सारखाच उशीर, म्हणजे घड्याळं एक झाली."

मग आप्पासाहेब म्हणाले, "कानाचं बोललो, त्ये चुकलंच माजं. घरी या राव एकदा."

पुढच्या रविवारी कानिफनाथ एसटीनं श्रीगोंद्याला गेले. दोघं समोरासमोर बसले, तर एकाचं बोलणं संपलं की दुसरा रेडिओच्या सवयीनं क्षणभर थांबायचा. आप्पासाहेबांची बायको म्हणाली, "पाहुणा लाजाळू दिसतोय." दोघंही खळखळून हसले.