मी तसं फार खात नाही

सिडकोतल्या आमच्या घराची बाहेरची खोली एवढीशी होती की एक कॉट आणि दोन खुर्च्या ठेवल्या की बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं. मी कॉटवर बसायचो. खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या आणि आधीची एक माझ्याखाली काडकन मोडली होती. त्या दिवसापासून कुणीच काही न बोलता कॉट माझी झाली. पाहुणे आले तरी बायको त्यांना खुर्च्याच द्यायची.

मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. चाळिशी जवळ आलेली, मुलगी तिसरीत. घरी केबल येऊन बरीच वर्षं झाली होती, पण परदेशी कार्यक्रम हिंदीत डब होऊन यायला लागले ते याच सुमाराला. साप, मगरी, अपघातातून वाचलेली माणसं असं काहीबाही चालू असायचं. त्यातच एका संध्याकाळी तो कार्यक्रम लागला. अमेरिकेतला एक माणूस. कित्येक वर्षं पलंगावरून उठलेला नाही, इतका लठ्ठ. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं आणि दारातून काढता येत नव्हतं, म्हणून माणसं यंत्रं घेऊन घराची भिंत फोडत होती.

शेजारच्या वहिनी त्यांच्या दोन मुलांना घेऊन बघायला आल्या होत्या, कारण त्यांच्याकडे क्रिकेट चालू होतं. माझी बायको मेथी निवडत होती. मुलगी माझ्या पायाशी बसलेली.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या, "हा तर आपल्या सगळ्या गल्लीचं रेशन एकटा संपवेल."

मुलं खिदळली. बायकोही हसली, आणि हसता हसता तिने मान खाली घालून मेथीची काडी उगाच दोनदा मोडली. वहिनींच्या लक्षात आलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊंचं तसं नाही हो. भाऊ नुसते अंगापिंडाने भरलेत. खाणं काही फार नाही त्यांचं."

"नाही ना," मी म्हणालो, "मी तसं फार खात नाही."

हे वाक्य मी रोज कुठे ना कुठे म्हणत असे. लग्नात, कारखान्याच्या कँटीनमध्ये, सासुरवाडीला. आमच्या घराण्याचा बांधाच तसा आहे, थायरॉइड असेल, लहानपणापासूनचं आहे असं बरंच काही त्याच्या मागे जोडायचो. लोक मान हलवायचे आणि मी दुसऱ्यांदा भात घ्यायचो नाही.

खरं असं होतं की घरी पोचायच्या आधीच माझं एक जेवण झालेलं असायचं. कारखान्यातून सुटलो की स्कूटर सरळ घराकडे वळवायची नाही. त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे एक मिसळीचं दुकान होतं, तिथे मिसळ आणि वर दोनदा मागवलेली तर्री. मग दुसऱ्या रस्त्याला दुसऱ्या गाडीवर वडापाव, म्हणजे आपण आधी कुठे खाऊन आलोय हे त्या गाडीवाल्याला कळायला नको. स्कूटरच्या डिकीत चिवड्याचं पाकीट असायचंच. एखाद्या बंद दुकानाच्या पायरीशी स्कूटर उभी करून ते मी भराभर संपवायचो, मूठ भरभरून, चव न घेता. भूक नसायची. पोट दुखत असायचं. तरी हात थांबायचा नाही, आणि पाकीट रिकामं झालं की स्वतःची अशी किळस यायची की वाटायचं, आता घरी जाऊन आंघोळ करावी. घरी जाऊन मी दोन भाकरी खायचो आणि तिसरीला नको म्हणायचो.

टीव्हीवर त्या माणसाला कुणीतरी विचारलं की दिवसभरात तू काय खातोस. तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, आणि त्याच्या तोंडी तो हिंदी आवाज म्हणाला, "मैं वैसे ज़्यादा नहीं खाता."

वहिनींची मुलं सतरंजीवर लोळली. "ज़्यादा नहीं खाता!" धाकटा ओरडला. वहिनीही डोळे पुसत हसत होत्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो, इतकं ते उघड होतं. पण मला त्या माणसाचा चेहरा दिसला. बोलताना त्याने नजर जराशी खाली नेली होती आणि पांघरुणाचा काठ बोटांत धरला होता. तो खोटं बोलत होता आणि ते सगळ्यांना दिसतंय हे त्याला कळत होतं. माझ्या मानेवर घाम आला. रोज मी हे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यालाही असंच दिसत असणार, हे मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं लोक मान हलवत होते ते माझं पटून नव्हे.

"पाणी पिऊन येतो," असं म्हणून मी उठलो. कॉट करकरली. वहिनींच्या धाकट्याने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आलो नाही.

त्या आठवड्यातच एका सकाळी मी दाढी करत होतो आणि आरशात मागचं दिसत होतं. मुलगी शाळेचा गणवेश घालून, कंपासपेटीतली छोटी पट्टी घेऊन आतल्या खोलीचं दार मोजत होती. पट्टी लावायची, पेन्सिलीने चौकटीवर खूण करायची, पुन्हा पट्टी लावायची.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

ती दचकली. "काही नाही. शाळेत मोजायला दिलंय."

ती खाली पळाली. संध्याकाळी बायकोने मला बाजूला बोलावलं. कुठून सुरुवात करावी हे तिला कळत नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "शाळेत काही दिलेलं नाही. ती मला विचारत होती, पप्पा आजारी पडले तर दारातून निघतील ना म्हणून."

मुलीने हे माझ्यापासून लपवलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून. आठ वर्षांची पोर. बापाची लाज झाकायला ती खोटं बोलायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या वजनकाट्यावर मी उभा राहिलो तर काटा शेवटपर्यंत जाऊन तिथेच अडकला. डॉक्टर भले होते, त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. म्हणाले, "नेमकं वजन कळायला पाहिजे मला. धान्याच्या किंवा कशाच्या मोठ्या काट्यावर करून आणता का?"

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "दादाकडे जाऊ. रविवारी लिलाव नसतो. कुणी नसेल."

तिचा भाऊ लासलगावला कांद्याचा व्यापारी. गावाबाहेर त्याचं खळं होतं, म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. तिथे कांदा निवडून, गोण्या भरून ट्रकमध्ये चढवतात. रविवारी मुलीला वहिनींकडे ठेवून आम्ही एसटीने निघालो. मी खिडकीशी बसलो, बायको शेजारी. तीन माणसांचं बाक होतं. निफाडला गाडी भरली, माणसं उभी राहिली, पण त्या बाकावर उरलेल्या वीतभर जागेत बसायला कुणी आलं नाही. बायको टोकाशी सरकून बसली होती. मी श्वास आत घेऊन बसलो होतो, जणू त्याने जागा होणार होती.

खळ्यावर कुणी नसेल हा आमचा अंदाज चुकला. स्टेशनात कांदा भरायला रेल्वेचे डबे लागले होते म्हणून मेहुण्याने माणसं बोलावली होती. हमाल गोण्या वाहत होते आणि एका कडेला सात-आठ बाया कांद्याच्या ढिगाभोवती बसून निवडत होत्या. मेहुणा ओशाळला. "दाजी, चहा घ्या आधी," म्हणाला. मग हमालांना म्हणाला, "जा रे, तुम्ही पण चहा पिऊन या." ते कुठे जाणार? पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच बघत राहिले.

काटा इलेक्ट्रॉनिक होता. खाली लोखंडी पाट आणि वर भिंतीवर लाल आकडे, लांबूनही दिसावेत असे. मी चपला काढल्या. का काढल्या कुणास ठाऊक; देवळात चढावं तसा चढलो. पाटावर कांद्याची सालं पडली होती, ती पायाला चिकटली. आकडे भराभर पळाले आणि थांबले. एकशे त्रेचाळीस.

मापाला बसणाऱ्या माणसाला सवयच होती. तो खणखणीत आवाजात ओरडला, "एकशे त्रेचाळीऽऽस!" आणि मग त्याने स्वतःच जीभ चावली.

टाकीपाशी कुणीतरी म्हणालं, "तीन गोण्या भरल्या की रं!" आणि ते हसले. मेहुणा त्यांच्यावर खेकसला, आणि त्या खेकसण्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला खाली उतरायचं होतं पण चपला दिसेनात. माझ्या पोटाआड होत्या त्या. बायको वाकली, तिने त्या माझ्या पायापाशी सरकवल्या.

तेवढ्यात निवडणाऱ्या बायांमधली एक म्हातारी हातातला कांदा तसाच धरून म्हणाली, "टीव्हीत दावला व्हता, त्यो मानूस बी असाच व्हता. लय मोठा. भित फोडून काढला त्याला."

आता हिनेही तो पाहिलाय, असं मनात आलं आणि मी पुढचं ऐकायला तयार झालो. रेशनचं, गोण्यांचं, काहीतरी असणार. म्हातारी म्हणाली, "मंग वाचला का वो त्यो? आमच्याकडं लाईट गेली. फुडचं काय पाह्यलंच नाय."

ती माझ्याकडे बघून विचारत होती. आमच्या घरात शेवटपर्यंत बसलेल्यांपैकी कुणीच मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तो जगला की मेला हा प्रश्न मलाही पडला नव्हता. मी फक्त स्वतःला लपवण्यात गुंतलो होतो.

"वाचला, मावशी," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. विंचूरच्या पुढे कधीतरी मी बायकोला सांगायला लागलो. तिच्याकडे बघवेना, म्हणून खिडकीबाहेर बघत सांगितलं. मिसळीचं सांगितलं, दुसऱ्या गाडीवरच्या वड्याचं, डिकीतल्या पाकिटाचं, बंद दुकानाच्या पायरीचं. सांगताना आवाज इतका बारीक झाला की गाडीच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कितीतरी दिवस. संध्याकाळी तुमच्या बोटांना तर्रीचा वास येतो. शर्टाच्या खिशात चिवड्यातला कढीपत्ता सापडतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं लपवत होतात. मला वाटलं, मी बोलले तर तुम्हाला तोंड दाखवायला घरही उरायचं नाही."

हे ऐकून मी रडलो. कंडक्टर बघत होता, तरी रडलो.

डॉक्टरांनी आहार लिहून दिला, चालायला सांगितलं, एका मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तिथे मी फार पुढे गेलो नाही. दोनदा गेलो आणि ओळखीचं कुणी दिसेल या भीतीने सोडलं. वजन उतरलं, पुन्हा चढलं, पुन्हा थोडं उतरलं. आजही एखाद्या गाडीपाशी पाय अडखळतात आणि कधी कधी थांबतातही. बरा झालो असं मी म्हणणार नाही.

पण लासलगावहून परतलो त्या रात्री बायकोने एक गोष्ट ठरवली. म्हणाली, "किती खायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण जे खायचं ते इथे खा, आमच्यासमोर."

ऐकायला सोपं होतं. पहिल्या दिवशी मी कारखान्यातून सरळ घरी आलो. ताटात वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. दोन भाकऱ्या संपल्या. तिसरी हवी होती, खूप हवी होती, आणि ते शब्द काही तोंडातून निघेनात. मुलगी समोर बसून वरणभात कालवत होती. कानशिलं तापली. चोरून दहा वडे खाताना वाटली नसेल एवढी लाज मला ती एक भाकरी मागताना वाटली.

"अजून एक वाढ," मी म्हणालो.

बायकोने तव्यावरची वाढली. मुलीने मान वर केली, माझ्या ताटाकडे बघितलं आणि मग तिच्या बाजूचा लोणच्याचा सट माझ्याकडे सरकवला.