दाजींच्या गाडीला आलेला घाम

गळती नावाची गोष्ट जगात नसतेच, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि आमच्या वडिलांनी नेमकी त्यालाच आमची आक्का दिली. मी त्यांना दाजी म्हणायचो. दाजी माणचे, मेंढरं पाळणाऱ्या घरातले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी ड्रायव्हर म्हणून थेट इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. लढाई संपली, लष्करानं जुने ट्रक लिलावात काढले, तेव्हा दाजींनी त्यातला सगळ्यात म्हातारा ट्रक पसंत केला. का, तर तो त्यांच्याकडं बघत होता म्हणे. या ट्रकच्या रेडिएटरमध्ये सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नसे. खाली डबकं साचायचं, शेजारच्या कोंबड्या त्यात चोची बुडवायच्या आणि दाजी शांतपणे सांगायचे, "गळत न्हाई पावणं, घाम आलाय. कष्टाची गाडी हाय." गळती हा शब्द त्यांना खपत नसे. आक्काच्या तोंडून एकदा तो चुकून गेला, तर हे गृहस्थ भरल्या ताटावरून उठले.

घाम कुठून येतो हे शोधायची त्यांची रीतही त्यांच्यासारखीच. गाडीखाली उताणे पडायचे, थेंब बोटावर झेलायचा आणि जिभेला लावायचा. "ह्यो वरच्या टाकीचा," म्हणायचे. दुसरा चाखून, "ह्यो खालच्या नळीचा." मला दोन्ही सारखेच गंजकट लागले. हो, मलाही चाखायला लावलं होतं. साताऱ्यात हायस्कुलात शिकवणारा मी. मे महिन्याची सुट्टी बहिणीकडं सुखात घालवावी म्हणून जायचो, आणि सगळी सुट्टी मडगार्डवर हातात पाण्याचा डबा घेऊन जायची. साताऱ्याच्या एका मिस्त्रीनं सांगितलं होतं की सगळं खोलून बघावं लागेल. त्यावर दाजी कळवळून म्हणाले होते, "जितं मानूस उघडून बगतंय व्हय कोन?" त्यांचं म्हणणं, माणसाला लागू पडतं ते गाडीला पडलंच पाहिजे. म्हणून एकदा ज्वारीचं पीठ कालवून ओतलं. इंजिन तापलं तशी झाकणातून आंबील उसळून बाहेर आली. मग बाळंतिणीला देतात म्हणून डिंक झाला. नळीला फडकं गुंडाळायचं म्हणून आक्काचं एक चांगलं धड लुगडं गेलं. डबकं होतं तिथंच राहिलं.

त्या उन्हाळ्यात मात्र हसायची सोय उरली नाही. दाजींच्या गावची विहीर आटली. तळाच्या चिखलातून बायका वाटीनं पाणी निपटायच्या, तेही संपलं. मेंढरं घेऊन नदीकाठाला जगायला जायचं असं गावानं ठरवलं. सगळे निघायला तयार, पण दाजींची आई तयार होईना. "माजं चालनं आता व्हत न्हाई, आन् कुनाच्या पाठुंगळी न्हाईतर गाडीत बसून मी गाव सोडनार न्हाई," असं सांगून म्हातारी उंबऱ्यात चातीवर लोकर कातत बसली. तिला टाकून आक्का हलेना. मग दाजी चावडीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "सोमवार मावळंपतूर थांबा. सांगलीस्नं नदीचं पानी आनतो, गाडीभरून." ते ऐकून कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. गाव थांबलं. आता सोमवारी पाणी आलं तर गाव राहणार होतं, आणि गाव राहिलं तरच ती म्हातारी जगणार होती. एवढं सगळं त्या घामेजलेल्या ट्रकवर येऊन पडलं.

रिकामी पिंपं सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडं मिळणार होती, म्हणून आम्ही सांगली गाठली. त्याच्या वखारीत हळदीची पोती थप्पीला लावलेली. दाजी दारातच थबकले. कपाळावर हात मारून घेतला. "पावणं, जखमंला काय लावत्यात? लय दिस झालं, आपल्याला सुचलं कसं न्हाई!" मी नको नको म्हणेपर्यंत कुटलेली हळद रेडिएटरमध्ये गेलीसुद्धा. आणि गाडीखालची जमीन, खोटं नाही सांगत, कोरडी राहिली. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्या कोरड्या जमिनीकडं बघत बसलो. दाजींनी खाली वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. सोमवारी उजाडताच कृष्णेवर पिंपं भरून घेतली आणि निघालो. दाजी लष्करातलं कुठलंसं गाणं म्हणत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

विटा मागं पडलं, चढ लागला आणि गाडी उकळली. झाकण काढलं तर पिवळ्या वाफेचा लोट. हळदीनं गळती किती बुजवली देव जाणे, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र नेमक्या बुजवल्या होत्या. पाणी खेळेना म्हणून इंजिन तापे, उकळलं की पाणी बाहेर पडे, आणि ते भरून काढायला रस्त्यावर पाणी म्हणावं तर फक्त आमच्या पिंपांत. पहिलं पिंप दाजींनी स्वतः ओतलं. पुढची मला ओतायला लावली आणि तोंड फिरवून उभे राहिले. गावाला पाणी पाजायला निघालेली गाडी गावाचंच पाणी पीत निघाली होती. मी म्हणालो, "दाजी, इथंच थांबू. एखादी बैलगाडी मिळते का बघू." ते एवढंच म्हणाले, "आज सोमवार हाय." मावळतीला आम्ही मायणीच्याही अलीकडं होतो. गाणं केव्हाच बंद पडलं होतं.

गावात शिरलो तेव्हा मंगळवारची दुपार झाली होती. घराघराच्या दारांना बाभळीच्या काटक्या लावलेल्या. रस्त्यावर मेंढरांच्या लेंड्या, त्याही वाळलेल्या. गाव मंगळवारी पहाटे गेलं होतं, म्हणजे दिलेल्या शब्दापेक्षा रात्रभर जास्तच थांबलं होतं. उंबऱ्यात म्हातारी आणि तिच्या शेजारी आक्का. आमच्यापाशी एक पिंप उरलं होतं. गावाला एक पिंप म्हणजे नुसती थट्टा. पण आता गाव नव्हतं. दोघींना ते चांगलं पुरणार होतं, आणि तेच मला सहन होईना.

आक्कानं तांब्या भरून सासूच्या हातात दिला. म्हातारीचे ओठ भेगाळले होते. तिनं तांब्या तोंडाशी नेला आणि थांबली. ट्रककडं बघत म्हणाली, "लांबनं आलीया न्हवं ती? आदी तिला पाज. दारात आलेल्याला पानी इचारल्याबिगर आपुन कवा प्यालोय का?"

दाजी चाकाला टेकून खालीच बसले. "आये, तिला नगं," म्हणाले. "ती गळतीया."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. दाजी लहान पोरासारखे हुंदके देत होते. "पैल्या दिसापास्नं गळतीया. मला ठावं हुतं गं. खोलून बगायचं भ्याव वाटत हुतं. खोलली आन् पुना उबी न्हाई ऱ्हायली तर?"

म्हातारी घोटभर पाणी प्याली, उरलेला तांब्या लेकापुढं सरकवला आणि म्हणाली, "गळतीया तर शिव की मग. रडतोस काय?"

तेव्हा कुठं दाजींनी बॉनेट उघडून नीट बघितलं. बघायला फार लागलंच नाही. हळद बिचारी वाट दाखवून गेली होती. पंख्यामागच्या पाण्याच्या पंपापासून एक पिवळीधमक रेघ खालपर्यंत ओघळली होती. इतके दिवस आम्ही थेंब चाखत बसलो आणि गळती तिथं होती. पंपाच्या दांड्याभोवतीची, पाणी अडवणारी दोरी कुजून गेली होती, एवढंच. म्हातारीनं चातीवरचं लोकरीचं सूत तोडून दिलं. आक्कानं ते एरंडेलात भिजवलं. दाजींनी ते दांड्याभोवती घट्ट गुंडाळून वरची चकती आवळली. थेंब थांबला. दुसऱ्या दिवशी दोघींपुरतं पाणी ठेवून पिंपातल्या उरलेल्या कळशांनी रेडिएटर भरला, थांबत थांबत नदी गाठली, आणि दाजींनी ती हळद कृष्णेत धुऊन काढली.

पाऊस पडेपर्यंत त्यांनी पाणी वाहिलं. नदीकाठाला हे कळल्यावर चार घरं परत आली, बाकीचं गाव पावसानंतर आलं. त्या सोमवारचा विषय कुणी कधी काढला नाही, दाजी मात्र विसरले नाहीत. कुठंही गाडी थांबली की आधी तिला पाजायचे आणि मग स्वतः प्यायचे. भरलेली असली तरी झाकण उघडून तांब्याभर वरून घालायचेच.

आता दाजी नाहीत आणि ट्रक तर त्यांच्याही आधी गेला. अंगणात कुणाचीही गाडी येऊन उभी राहिली की आक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते. आलेल्या माणसाशी बोलायच्या आधी कंबरेवर हात ठेवून वाकते आणि गाडीखाली बघते. तिथली जमीन कोरडी दिसली की तिचा चेहरा जरासा उतरतो.