अक्काची दाढ

"आ करा. मोठा. अजून थोडा. शाब्बास!"

हे वाक्य डॉक्टर दिवसभर म्हणायचे, आणि समोरचा माणूस जिवंतच असावा अशी त्यांची अट नव्हती. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात अंबडच्या कारखान्यातला एखादा कामगार खुर्चीत बसला की त्याला ते जसं म्हणायचे, तसंच आमच्या भांडारात कापसावर ठेवलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यालाही म्हणायचे. तो बिचारा आधीच आ करून असायचा. तरी शाब्बासकी त्याला मिळायचीच.

मी एका संस्थेत जुन्या हाडांची माहिती सांभाळते. उत्खननात निघालेली हाडं स्वच्छ करून पेट्यांत ठेवतात, आणि कुणाच्या हाडाला काय झालं होतं ते संगणकात नीट लावून ठेवायचं काम माझं. लग्नाच्या बोलणीत हे सांगताना आमच्या आईची फार पंचाईत व्हायची. नदीकाठच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीच्या, टेकाडात प्राचीन वस्ती सापडली. घरांच्या जमिनीखालीच पुरलेली माणसंही सापडली. त्यांचे दात बघायला उत्खननाच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, डॉक्टरांना बोलावलं. एका दुपारपुरते आलेले डॉक्टर मग दवाखान्याच्या सुट्टीचा प्रत्येक गुरुवार आमच्याकडेच काढू लागले.

दातांवाचून त्यांना माणूस दिसतच नसे. मिसळ खायला गेलो तर यांचं लक्ष शेजारच्या टेबलावर. "तो बघा, डाव्या बाजूने चावत नाही. उजवीकडच्या दातांचं सगळं आयुष्य झिजवणार." एकदा त्या माणसाजवळ जाऊन त्यांनी खरोखरच आ करायला सांगितलं. तुम्हाला वाटेल, भांडण झालं असेल. छे! त्या माणसाने तोंडातला पाव गिळला आणि आ केला. डॉक्टरांच्या आवाजात काहीतरी होतं खरं.

आमच्या पेट्यांतल्या माणसांना क्रमांक होते. डॉक्टरांना क्रमांक चालत नसत. "पेशंटला कुणी नंबराने हाक मारतं का?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली. अण्णा, बाळू, मावशी. आणि अक्का.

अक्का त्यांची सगळ्यांत लाडकी. तिच्या खालच्या दाढेच्या मुळाशी मोठं गळू झालं होतं, जबड्याच्या हाडाला त्याने भोक पाडलं होतं आणि त्या भोकाच्या कडा पुन्हा भरून आल्या होत्या. हे आम्हीही पाहिलं होतं. डॉक्टरांनी मात्र त्या कडांवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाले, "कडा भरून आल्यात, म्हणजे ही त्यानंतरही जगली. एवढ्या दुखण्यात हिला भाकरतुकडा चावणं शक्यच नव्हतं. कुणीतरी हिला पेज करून भरवत होतं, ताई." आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. दातांच्या डॉक्टरने दाढेसाठी रडावं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता त्यांचा हट्ट ऐका. ही सगळी तपासणी ते आमच्या संगणकात भरत नसत. दवाखान्यात जिवंत पेशंटांसाठी संगणकात जी व्यवस्था होती, तिच्यातच भरत. मी किती विनवण्या केल्या! "तुमच्याकडे तक्रारीचा रकाना नाही," ते म्हणत. "डॉक्टरने आधी तक्रार लिहायची, मग बाकीचं."

"पण डॉक्टर, तक्रार करायला ते आहेत कुठे?"

"म्हणूनच तर आपण लिहायची."

पुढे ठिकठिकाणच्या जुन्या हाडांची माहिती एका जागी गोळा करायचं काम निघालं. आमच्या नोंदीही जाणार होत्या. डॉक्टरांनी आपली सगळी माहिती एका पेनड्राइव्हवर आणून दिली, जिवंत आणि मेलेले एकत्रच. जुन्या मंडळींचा पत्ता त्यांनी 'नदीकाठ' असा लिहिला होता. सरांनी उत्साहाच्या भरात नदीकाठची सगळी माणसं स्वतःच वेगळी काढली.

दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. जुन्या वस्तीतल्या एका पुरुषाच्या दाढेत चांदी भरलेली आढळली होती! सर खुर्चीत बसायलाच तयार नाहीत. तेवढ्यात मी नोंद पुढे वाचली. शेरा होता, 'चांदी उत्तम बसली आहे. काम मीच केले आहे.'

तो पुरुष म्हणजे डॉक्टरांचा एक पेशंट, सटाण्याचा आप्पा निघाला. दवाखान्यात पत्ता विचारल्यावर त्याने नुसतं 'नदीकाठ' सांगितलं होतं. डॉक्टरांनी खात्रीसाठी त्याला फोन लावला, तर तो तिकडून ओरडला, "अहो डॉक्टर, मी जित्ता शे! कालदिन कांदा इकी उनू मी!" आमचा तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस जिवंत होता आणि कालच कांदा विकून आला होता! आम्ही हसून हसून बेजार झालो. पेढे आले होते, ते खाल्लेच.

हसू फार टिकलं नाही. माहिती गोळा करणाऱ्यांपर्यंत गोष्ट पोचली. जिवंत पेशंटची माहिती दवाखान्याबाहेर जाता कामा नये, हा नियम कडक आणि रास्तही. त्यांनी कळवलं, जिवंत कोण आणि जुनं कोण हे पक्कं सिद्ध करा, नाहीतर डॉक्टरांची एकही नोंद घेणार नाही.

सर म्हणाले, "बाकीचे जबडे पुन्हा बघून लिहू."

"आणि अक्का?" डॉक्टर म्हणाले.

अक्काचा जबडा पुन्हा बघून भागणार नव्हतं. अक्काची ती दाढ भोवतालच्या हाडासकट मधल्या काळात तपासणीला गेली होती, आणि त्या तपासणीत नमुन्याची भुकटी करावी लागते. उरला होता तो अर्धा जबडा. तिच्या दुखण्याचा पुरावा आता डॉक्टरांच्या नोंदीतच होता. "माझं काय हो," ते म्हणाले. "पण तिने सोसलं, कुणीतरी तिला भरवलं, हे पुन्हा कुणालाच कळणार नाही." त्या दिवशी ते कुणालाही आ करायला न सांगता घरी गेले.

मी ती माहिती पुन्हा उघडली. नाव, वय, पत्ता सगळीकडे गोंधळ. मग नजर शेवटच्या रकान्यावर गेली. तिथे एकच फोन नंबर, पुन्हा पुन्हा. अण्णापुढे तोच, बाळूपुढे तोच, अक्कापुढे तोच. नंबर ओळखीचा वाटला. वाटणारच, माझाच होता!

मी डॉक्टरांना फोन केला. ते ओशाळले. "अहो ताई, नातेवाईकाचा फोन भरल्याशिवाय ते यंत्र पुढेच सरकत नाही. त्या सगळ्यांची रोजची देखभाल तुम्ही करता. त्यांना दुसरं आहे कोण?"

मला एकदम फार बरं वाटलं. एवढं मोठं माहेर मला आहे, हे माहीतच नव्हतं. माझ्या नंबराखालची तेवढी माणसं मी वेगळी काढली आणि पेट्यांशी पडताळली. एकही जिवंत त्यात नव्हता. आप्पाच्या नावापुढे त्याच्या सुनेचा नंबर होता. नोंदी मान्य झाल्या, आणि सरांनी बरीच पत्रं लिहून 'तक्रार' हा रकानाही पदरात पाडून घेतला. त्यात डॉक्टरांनी अक्कापुढे लिहिलं, 'दाढ फार दुखते. घरचे काळजी घेतात.' पुढच्या गुरुवारी पेढे त्यांनी आणले.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. जेवून आरामखुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. दवाखाना आता त्यांची मुलगी चालवते. तीही दातांचीच डॉक्टर. तिने पेशंटांना आठवण करून देणारी नवी सोय बसवली. एका सकाळी मी चहा घेत होते, तर माझा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. 'नमस्कार अण्णा.' 'नमस्कार बाळू.' 'नमस्कार अक्का, आपण बऱ्याच दिवसांत आला नाहीत. दातांची तपासणी बाकी आहे.'

मी भर ऑफिसात हसले, आणि हसता हसता रडले. डॉक्टरांच्या मुलीच्या लक्षात आल्यावर बिचारीने घाईघाईने फोन केला. "सॉरी ताई, तुमचा नंबर काढून टाकते."

"नको," म्हटलं. "राहू दे. घरचीच आहे मी."

मग भांडारात जाऊन अक्काची पेटी उघडली. कापसावर तिचा अर्धा जबडा होता, दाढेची जागा रिकामी. "आ करा, अक्का," मी म्हटलं. "मोठा. अजून थोडा." आणि शाब्बास म्हणताना मला हसू आलं, कारण ती माझ्याआधीच आ करून बसली होती.