रानाची हजेरी

सातारा जिल्ह्यातल्या तमाम पाखरांनी रोज सकाळी आपल्यापुढे हजेरी द्यावी, अशी आमच्या मामेसासऱ्यांची अपेक्षा असते, आणि बरीच वर्षं पाखरांनी ती पुरीही केली. मामा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून ऊस भावाच्या हवाली करून ते यवतेश्वराच्या उतारावरचं रान सांभाळतात. सांभाळतात म्हणजे तिथे फिरतात, पण तसं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. माघ सरत आला की मला सांगलीला फर्मान येतं आणि मी मुकाट्याने एसटीत बसतो.

रानात एका ओळीत चालायचं, खोकला आला तर गिळायचा आणि दुर्बीण आणायची नाही. "डोळ्यानं कुनीबी बघंल, जावईबापू. पाखरू कानानं बघायचं," असं म्हणून मामा डोळे मिटून उभे राहतात आणि एकेक नाव पुकारतात. अळंबीच्या बाबतीत मात्र ते हळवे आहेत. वाटेत आंब्याचा एक पडका ओंडका आहे, त्यावर माणसाच्या कानासारखी अळंबी येते. हिवाळ्यात ती सुकून पार काळी पडते. मामा आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर शिंपडतात आणि स्वतः तहानलेले राहतात. थोड्या वेळाने ते कान मऊ होऊन उघडू लागतात, तेव्हा ही सगळी व्यवस्था आपणच लावली आहे अशा थाटात मामा माझ्याकडे बघतात.

गेली दोन-तीन वर्षं मात्र हजेरीत एकट्या भारद्वाजाचंच नाव येऊ लागलं. त्याचं घुमणं तेवढं मामांना ऐकू येई. डोक्यावर बारीक पाखरांचा कलकलाट चालू असे आणि मामा मान खाली घालून म्हणत, "संपली सारी. ह्या बंगलेवाल्यांनी रान मारलं." घरात टीव्हीचा आवाज कुठवर चढलाय, हे मामींनी मला खुणेने दाखवलं होतं. पण उभा जन्म तोफांपाशी काढलेल्या माणसाला कानाचं कोण सांगणार? जावयाने असल्या भानगडीत पडू नये, या मताचा मी आहे.

यंदा चढावर मामा थांबले. "ह्यो शेवटचा फेरा, जावईबापू. रिकामं रान बघून जिवाला लय लागतं."

तेवढ्यात समोरच्या पांगाऱ्यावर, चार हातांवर, एक जांभळा शिंजीर येऊन बसला. चोच उघडी, गळा थरथरतोय, सगळं एवढंसं अंग गाण्याने हलतंय. मामा बघतच राहिले.

"आवं, ह्यो वरडतोय का?"

"हो, मामा."

"आत्ता?"

"केव्हाचा. आणि मागे आणखी आहेत."

मला वाटलं, म्हातारा आता खचणार. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि मनापासून हसले. "म्हंजे हाईत तर! रान न्हाई गेलं. माजं कान गेल्यात व्हय! मग काय हरकत न्हाई."

परतताना ओंडक्यापाशी त्यांनी नेहमीसारखं पाणी शिंपडलं. अळंबीचे कान हळूहळू उघडले. मामा जरा जास्तच वेळ उभे राहिले. "ह्येंचं बरं हाय," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मला पुढे घातलं. मला अजून निम्मी नावं येत नाहीत. आवाज आला की मी त्या दिशेला बोट करायचो, मामा डोळे बारीक करून झाडी धुंडाळायचे आणि नाव पुकारायचे. हजेरी पुरी व्हायला दुपार झाली. पुढच्या माघाचं फर्मान मी यंदा निघतानाच मागून घेतलं.