कोतवाल बुकातली ओळ

मी जन्मलोच नाही, हे मला चोविसाव्या वर्षी मेहकरच्या तहसील कचेरीत कळलं.

त्याआधी मी स्वतःला चांगला जन्मलेला समजत होतो. अमरावतीहून यंत्रांचा डिप्लोमा घेऊन आलो होतो, सायकल चालवत होतो, दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो. खिशात पश्चिम जर्मनीतल्या एका कारखान्याचं पत्र होतं: तीन वर्षं येऊन काम शिका, दिवाळीच्या आत हजर व्हा. सोबत कागदांची यादी होती आणि तिच्यात एक कलम असं की, ज्या गावी जन्म झाला त्या गावच्या नोंदवहीतला उतारा हवा, शाळेचा दाखला चालणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या दाखल्यावरची जन्मतारीख मास्तरांनी मला नुसतं बघून ठरवली होती आणि त्या दिवशी शाळेत घातलेल्या आम्हा सगळ्या पोरांना तीच वाटून टाकली होती.

आमचं गाव साखरखेर्ड्यापासून दोन कोसांवर. बाप मी शाळेत असतानाच गेला. घरात मी आणि माय. विहिरीच्या पाण्यावर तिची वांगी, मेथी, मिरची; तोडायची आणि साखरखेर्ड्याच्या बाजारात बसून विकायची. माय मला धोंड्या म्हणायची. धोंड्या, जेवला काय. धोंड्या, बारं मोड, पानी दुसऱ्या वाफ्यात जाऊ दे. शाळेत माझं दुसरं नाव होतं, चांगलं. तेही मास्तरांनीच दिलेलं, तारखेसारखं. मायच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. गावात धोंडे आणि दगड पुष्कळ होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कचेरीतला अर्ज बघण्यासारखा होता. माथ्यावर छापलं होतं, मध्यप्रदेश. त्यावर रेघ मारून शाईनं लिहिलं होतं, मुंबई राज्य. त्यावरही रेघ मारून महाराष्ट्र. आमचं गाव जागचं हललं नव्हतं आणि तीन राज्यं फिरून आलं होतं. मला एकदाच हद्द ओलांडायची होती तर नाकी नऊ आले.

आमच्या वऱ्हाडात गावच्या जन्ममरणाच्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. कोतवाल घरोघर फिरून कोण आलं, कोण गेलं ते विचारायचा आणि पाटलाकडून वहीत लिहून घ्यायचा. भरलेल्या वह्या तहसिलीत जमा व्हायच्या. पोराचं नाव त्यात नसतं. बापाचं नाव, तारीख, आणि पुढे मुलगा किंवा मुलगी. जगात येण्याची पावती एवढीच.

रेकॉर्ड रूमचे बाबू निवृत्तीला टेकलेले होते. भादव्याच्या उकाड्यातही गळ्याला मफलर. त्यांनी लाल फडक्यातले गठ्ठे सोडले, माझ्या सालाची वही काढली, बोट फिरवलं. नाही. मागचं साल, पुढचं साल. नाही.

"तुमी काई सापडून नाई राह्यले बाप्पा," ते हळहळून म्हणाले, जणू मी विहिरीत पडलोय. "पुढच्या आठवड्यात या. पाहू अजून."

त्या खोलीत दुपार सरकायचीच नाही. कौलांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची, तिच्यात धूळ वर-खाली करत राहायची. आजूबाजूच्या सगळ्या गावांतली सगळी माणसं त्या लाल फडक्यांत बांधून ठेवलेली, आणि मी तेवढा बाहेर. बाहेर पडून मेहकरच्या बाजारातून चाललो तर पाय जमिनीला टेकतात की नाही, असं वाटत होतं. कुणी मला धक्का दिला नाही, कुणी हाक मारली नाही. हॉटेलात चहा मागितला तोही लवकर येईना. मी न जन्मलेला माणूस बाकावर बसून होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला ते थोडंसं आवडलंही. ना वय, ना गाव, ना कुणी विचारणारं. मग चहा आला आणि जीभ भाजली.

तिसऱ्या फेरीला बाबू दारातच भेटले. "सापडले तुमी!"

बापाचं नाव, आडनाव, जात, गाव, सगळं बरोबर. पुढे मुलगा. फक्त साल दाखल्याच्या दोन वर्षं आधीचं.

"मास्तरानं दोन वर्सं चोरले तुमचे," बाबू म्हणाले. "सगळ्याईचेच चोरते ते. मी नक्कल करून ठेवतो. पुढच्या सोमवारी या, सही करा, घेऊन जा."

मी एका क्षणात दोन वर्षांनी म्हातारा झालो होतो, पण झालो तरी होतो. एसटीतून उतरलो तो थेट मळ्यात गेलो. माय वांग्याच्या वाफ्याचं तोंड फोडून पाणी आत घेत होती. मी बांधावरूनच ओरडून सांगितलं.

तिनं वर पाहिलं नाही. "तो तू नोहे," ती म्हणाली.

"मंग कोण?"

"तुह्या आंधीचा."

माझ्या आधी कुणी होता हे चोवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाण्यात चपलांसकट उभा राहिलो. माय एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवत गेली आणि मी तिच्या मागं मागं, ऐकत.

पहिला मुलगा. बाप हौसेनं वेडा झाला होता. पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळी त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते; तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची असते. पण तिसऱ्याच दिवशी दारात कोतवाल आला. बापानं त्याला बसवून, गूळ हातावर ठेवून, सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत पाटलाच्या वहीत ओळ पडली.

"सटवाईच्या आंधी सरकारनं लिवलं," माय म्हणाली. "मंग तिनं काय लिवाव? तिनं कोराच ठेवला."

महिना भरायच्या आत पोर गेलं. बारशात ठेवलेलं त्याचं नाव तिनं एकदाच घेतलं, तेही पाण्याकडे बघत.

मी झालो तो मळ्यातल्या कोठ्यात, बैलांच्या शेजारी. तिनं ठरवूनच टाकलं होतं की याला सटवाईशिवाय कुणी लिहायचं नाही. कोतवाल आला तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, पोटातच गेलं. आत मी रडत होतो. कोतवाल गावचाच माणूस. त्यानं रडणं ऐकलं, तिच्याकडे पाहिलं, टोपलीतली चार वांगी उचलली आणि गेला. मग तिनं माझं नाव धोंडा ठेवलं. धोंड्याकडे कोण बघतं?

"पण आता मले उतारा पाह्यजे ना माय."

"हाय ना. त्याचाच घेऊन जाय. त्याले आता काय होते?" ती फावडं टेकून उभी राहिली. "तू बिनलिवलाच बरा."

मला हायसं वाटलं. तिचं भय तिच्याजवळ राहील, माझं काम होईल, आणि कागदाला कुठं कळतंय मी कोण. सोमवारी मेहकरला जाताना एसटीच्या खिडकीत मी शिट्टी वाजवत होतो.

बाबूंनी नक्कल पुढे ठेवली. सुरेख अक्षर होतं. खाली एक ओळ होती, वरील नोंद माझीच आहे, आणि तिच्याखाली सहीसाठी जागा. मी टाक शाईत बुडवला आणि बसून राहिलो.

शाईचा थेंब टोकाशी जमत होता. मला कोण जाणे कुठून ते पोर दिसायला लागलं. तोंड दिसेना, नुसती मूठ. त्याचं ह्या जगात होतं काय? अंगडं नाही, फोटो नाही, कुणाच्या तोंडी नाव नाही. ही एक ओळ होती. चोवीस-सव्वीस वर्षं ती ह्या फडक्यात पडून होती, आणि मी ती उचलून परदेशी न्यायची, वर म्हणायचं की हा मीच. मला माझाच भयंकर राग आला. दिवाळी तोंडावर, हातात टाक, आणि आत्ताच मला हे सुचायचं होतं! पण सही काही होईना. मी टाक खाली ठेवला आणि बाबूंना सगळं सांगितलं. सटवाईचंसुद्धा.

वही उलटी करून बाबूंनी मयताची पानं काढली. "हाय इथं," ते हलकेच म्हणाले. "महिन्याचाई नाई झाला." मग नक्कल त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकली. "सही केली असती तं चाललंई असतं. कोण पाह्यते? पण बरं केलं. आता तुमच्या मायले आना. साहेबापुढं तिनं तोंडानं सांगाव लागते, हा माह्या पोटचा, अमुक दिवशी झाला. मंग उशिरा नोंद होते."

घरी आल्यावर मायनं ऐकून घेतलं. "शिकून शिकून पार येडा झाला तू," एवढं बोलली आणि आठ दिवस गप्प राहिली.

ते आठ दिवस मला अजून अर्धवट झोपेतले वाटतात. मी बांधावर बसून कारखान्याच्या पाकिटावरचं तिकीट बघत असायचो. त्यावर एक नदी होती, दगडी पूल, पलीकडे उंच मनोरा. बघता बघता मी त्या पुलावरून चालायला लागायचो. पाण्याचा आवाज खरा यायचा, कारण तो आमच्या पाटाचा होता. आणि पुलाच्या टोकाशी माय वाफा फोडत असायची, पाठमोरी. तिला ओलांडून पुढं जायची वाट मला दिसायची नाही. मी तिला एकदाही चल म्हटलं नाही. म्हणवलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मेथी तोडायची होती. ती मळ्यात गेलीच नाही. धुवट लुगडं नेसली, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "चाल."

तहसीलदार पुण्याकडचे होते, तरुण, घाईतले. पण आवाज मऊ होता. "बाई, मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "दोन? दुसरा कुठे असतो?"

"तुमच्याच बुकात हाय, साहेब."

बाबूंनी वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. थोड्या वेळानं त्यांनी माझा जन्मदिवस विचारला.

"पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी," माय म्हणाली. "बैलाईच्या शिंगाचा रंग गेला नव्हता अजून." बाबूंनी जुनं पंचांग काढून तारीख काढली. मास्तरांच्या तारखेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. कागद तयार झाला. आता अंगठा, आणि मग वहीत नोंद.

मायनं सगळा पंजाच कागदावर ठेवला. "थांबा," ती म्हणाली. "हे लिवलं का मंग हा जाईन."

"हो बाई," साहेब समजावून म्हणाले, "त्याला जायचं आहे म्हणूनच तर लिहितोय."

तिचा हात काळा, खरबरीत, बोटांत वांग्याच्या काट्यांचे ओरखडे. तो कागदावर तसाच पडून होता. मला म्हणावंसं वाटलं, राहू दे माय, चल घरी. मी ते म्हटलं नाही. आजही मला त्याची लाज वाटते.

बाबू टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "माय, याचं सटवाईनं लिवलं होतं ना?"

"हाव. तिनंच लिवलं फक्त."

"मंग झालं तं. तिचं लिवून चोवीस वर्सं झाले. आता ते कोनाच्यानं खोडल्या जात नाई. आमी तं मागून येऊन राह्यलो." त्यांनी कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. "हे पाय, काय लिवलं इथं? उशिरा नोंद."

मायला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली, मग बाबूंच्या मफलरकडे, मग माझ्याकडे. हात उचलला आणि अंगठा पुढे केला.

स्टँडवर आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ती निंबाखाली बसली, मी पाटीशी जाऊन गाडीची वेळ बघायला लागलो. अंग हलकं झालं होतं. मी जन्मलो होतो, शिक्क्यासकट. मागं कुणीतरी बाई कुणाला तरी हाक मारत होती. माझ्याच शाळेतल्या नावाचा दुसरा कुणी असेल, असं वाटून मी पाटी वाचत राहिलो. हाक पुन्हा आली. वळून पाहिलं तर माय उभी होती, हात वर करून.

"काऊन रे, आयकू येत नाई? गाडी लागली ना!"

गाडीत ती खिडकीशी बसली. मेहकर मागं पडलं, ज्वारीची शेतं सुरू झाली. मी म्हणालो, "माय, धोंड्या म्हण ना."

"आता काऊन?" ती बाहेर बघत म्हणाली. "लिवलं ना तुले."

अंगठ्याची शाई ती पदराला पुसत राहिली. ती काही निघत नव्हती.